जराशी चीर

मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कुणाचं हाड कधी मोडतच नसे. माणूस जिन्यावरून गडगडत खाली आलेला असो की त्याच्या पायावरून चाक गेलेलं असो, मोठे डॉक्टर एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, "काही नाही हो, जराशी चीर गेलीय." अगदीच गळ्याशी आलं तर "जरा सरकलंय". एकाच्या मांडीच्या हाडाचा पार भुगा झाला होता, त्याला ते म्हणाले होते, "इथे थोडं बारीक झालंय." बारीक म्हणे. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, माणूस पोट कमी करायला आलाय.

आणि लोक त्यांच्यावर जीव ओवाळून टाकायचे. कण्हत आलेला माणूस त्यांच्या खोलीतून हसत बाहेर पडायचा, नर्सला विचारायचा, घरी कधी सोडाल.

समोरच्या खोलीत त्यांची मुलगी बसायची. तीही हाडांचीच डॉक्टर. ते मोठे म्हणून ती धाकटी. घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. तिची रीत बरोबर उलटी. ती पेशंटच्या डोळ्यांत बघून सांगायची, "मोडलंय. तीन तुकडे झालेत. ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर व्यायाम करताना तुम्ही मला शिव्या द्याल." पेशंटचा चेहरा खर्रकन उतरायचा. मग नातेवाईक त्याची खुर्ची हळूच ढकलत समोर न्यायचे आणि तिथे पाच मिनिटांत त्या तीन तुकड्यांची चीर व्हायची. दवाखान्यात धाकटीला खडूस म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आपण ते मनाला लावून घेत नाही असं ती ज्याला त्याला सांगायची.

एका ट्रकचालकावरून त्या दोघांचं चांगलंच वाजलं होतं. त्याची टाच चेपली होती. वरून उडी मारली की टाचेचं हाड दबतं, तसं. बाबा त्याला म्हणाले, जराशी चीर आहे, पाय जपा. आता चिरेसाठी कोण स्वतःच्या पोटावर पाय देऊन घरी बसतो? तो पुढच्याच आठवड्यात गाडीवर गेला. टाच सपाट झाली ती कायमचीच, आणि बिचारा अजूनही अंधारात चाचपडावं तशी एकेक पायरी शोधत जिना उतरतो. धाकटी तेव्हा बाबांच्या टेबलासमोर उभी राहून बोलली होती.

"तो त्या रात्री शांत झोपला," बाबा म्हणाले होते. "तू सांगितलं असतंस तर झोपला असता का?"

"झोपला नसता. पण चालला असता."

त्यावर बाबांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. भांडण अर्ध्यावर सोडून द्यायची त्यांची हातोटी जुनीच.

तर असा हा माणूस, आणि पडली कोण, तर त्याची बायको.

आई पुस्तकं बांधायची. घराच्या खालच्या मजल्यावर तिची कार्यशाळा होती: लांब टेबल, सरसाचा डबा, दोऱ्याची रिळं, आणि भिंतीकडेला तो लोखंडी शिकंजा, ज्याचा दांडा फिरवला की वरची फळी खाली येऊन पुस्तकं घट्ट दाबते. डॉक्टरची बायको आणि हे उद्योग कशाला, असं लग्न झाल्यापासून चार जणींनी तिला विचारून झालं होतं. ती उत्तर द्यायच्या फंदात पडत नसे. जाडजूड शब्दकोश, वाचनालयातले पाठ निखळलेले ग्रंथ, कुणाच्या तरी वडिलांचं हस्तलिखित, सगळं तिच्याकडे यायचं. तो दांडा फिरवायला मनगट लागतं, आणि आईचं उजवं मनगट एखाद्या सुतारासारखं होतं. त्या दिवशी कागदाच्या कातरणांवरून तिचा पाय घसरला आणि ती त्याच उजव्या हातावर पडली.

धाकटी तेव्हा एका नव्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घ्यायला परगावी गेली होती. बाबांचा फोन आला.

"आई जरा पडली होती. मनगटाला जराशी चीर गेलीय. बसवून प्लास्टर घातलंय. तू घाई करू नकोस."

आणि धाकटीने घाई केली नाही. पुढे या गोष्टीचा तिला इतका राग आला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. जिने आयुष्यभर त्या एका शब्दावर दात खाल्ले, जिला त्या शब्दामागे किती तुकडे लपलेले असतात हे दवाखान्यात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, ती तो शब्द आपल्याच आईबद्दल ऐकून गप्पकन विश्वास ठेवून बसली. म्हणाली, "बरं झालं, थोडक्यात निभावलं." बाबा म्हणाले, "हो ना." आणि तिने फोन ठेवला.

दोन आठवड्यांनी शिक्षण आटोपून ती परत आली तेव्हा आई कार्यशाळेतच होती. डाव्या हाताने एका पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होती आणि निम्मा टेबलाला लागत होता. उजवा हात गळ्यातल्या झोळीत. धाकटीने पिशवीही खाली ठेवली नाही. आधी आईची बोटं पाहिली: सुजलेली, चकचकीत. मग प्लास्टरची रेष पाहिली. मनगटापाशी प्लास्टरला किंचित बाक होता, आणि बाक असायला नको तिकडेच होता.

"मूठ मिट," ती म्हणाली.

"आल्या आल्या डॉक्टरकी नको गं. हातपाय तरी धू."

"आई, मूठ मिट."

बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. आई हसली. "होईल हळूहळू. चीर भरायला वेळ लागतो म्हणे."

जेवणाच्या टेबलावर धाकटीने विषय काढला. बाबांना जेवतानाही चहा लागायचा; त्यांच्यासमोर अर्धाच भरलेला कप होता. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून आई त्यांना कप अर्धाच भरून द्यायची, आणि पुन्हा पुन्हा अर्धा भरून द्यायची. ऑपरेशनं त्यांनी बंद केली होती, कारण विचारलं तर म्हणत, धाकटी आहे ना आता. हात थरथरतो हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे. सगळे मूग गिळून बसलेले, आणि त्यात धाकटीही होती.

"बसवल्यावर फोटो काढला होता?"

"सुट्टी होती त्या दिवशी," बाबा म्हणाले. "फोटोवाला नव्हता."

"दुसऱ्या दिवशी होता ना?"

"मग प्लास्टर ओलं होतं. हलवून काय करायचं? आणि इतकी वर्षं मी काय फोटो बघून हाडं बसवली? बोटांना कळतं."

"मग आता काढू. उद्या सकाळी."

"प्लास्टर निघालं की काढू की. पळून चाललंय का हाड?"

"हो, चाललंय," धाकटी म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे बाबा, चाललंय. तिसरा आठवडा उलटला की ते आहे तिथे धरायला लागतं. वाकडं असेल तर वाकडंच धरेल."

"वाकडं नाहीये," बाबा म्हणाले. कप बशीत ठेवताना त्याचा किणकिण आवाज झाला, आईने पटकन भाजीचं भांडं पुढे सरकवलं, आणि म्हणाली की शेजारणीच्या मुलाला नोकरी लागली. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ताटावरून उठून जाण्याएवढी ती लहान राहिली नव्हती, म्हणून तिने सगळं जेवण गिळलं आणि शेजारणीच्या मुलाची चौकशीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा वामकुक्षी घेत असताना ती खाली आईकडे गेली. आई शिकंज्याशी झटत होती. डाव्या हाताने दांडा पाव फेरा फिरायचा आणि अडायचा. मग ती पोट लावून रेटायची. धाकटी दाराशी उभी राहिली. या बाईने हा दांडा दोन बोटांनी गरकन फिरवताना तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

"फोटो काढायला चल," ती म्हणाली. "आत्ता. ते उठायच्या आत."

आईने दांड्यावरचा हात काढला. तिला नाही म्हणायचं होतं, पण दांडा अजून अर्ध्यातच होता.

"त्यांना सांगणार नसशील तर येते."

"नाही सांगत."

"शपथ?"

"लहान आहे का मी?"

फोटोवाले काका दवाखान्यात बाबांइतकेच जुने होते. त्यांनी प्लास्टरसकट हात समोरून घेतला, बाजूने घेतला, आणि फोटो धाकटीच्या हातात देताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी आपला चहा पिऊन येतो."

धाकटीने फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. चीर कुठेच नव्हती. मनगटाला येऊन मिळणारं जाड हाड टोकाशी फुटलं होतं, आणि त्या टोकाचे तुकडे मागच्या बाजूला कलून तसेच एकमेकांत रुतून बसले होते. हाडाची लांबी त्या जागी दबून कमी झाली होती. सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग मधोमध तुटून एक भाग खाली, एक वर. शेजारच्या बारीक हाडाचा टवका अस्थिबंधाने ओढून काढलेला. बसवलेलं असं त्यात काही नव्हतंच. मोडलं होतं तसं मोडलेलं ठेवून वरून पांढरंशुभ्र प्लास्टर चढवलं होतं, नेहमीसारखं देखणं. प्लास्टर घालण्यात बाबांचा हात कुणी धरला नसता.

"वाईट आहे का?" आईने मागून विचारलं.

"वाईट आहे."

"वाटलंच मला."

धाकटी गर्रकन वळली. "वाटलंच म्हणजे?"

आई पेशंटच्या स्टुलावर बसली. झोळीतला हात मांडीवर घेतला. "ते ओढत होते ना, तेव्हा दोनदा त्यांची पकड सुटली. मी जन्मभर शिकंजा आवळलाय गं. समोरच्या हातात जोर आहे की नाही हे मला कळतं. घामाघूम झाले होते. मग म्हणाले, बसलं बघ. मी म्हटलं, हो, बसलं."

"आणि तू गप्प बसलीस."

"त्यांना वाटतंय की बसलंय. खरंच वाटतंय. हे त्यांचं शेवटचं हाड. ते वाकडं बसलं असं कळलं तर तो माणूस उभा राहायचा नाही परत. बाकी काय राहिलंय त्यांच्याकडे?"

"आणि तुझा हात?"

"डावा आहे की."

धाकटीला वाटलं, आता आपण किंचाळणार. ती किंचाळली नाही, पण आवाज असा बारीक झाला की आई दचकली. "मी आज तुला ऑपरेशनला आत घेतलं तर तुकडे सुटे करता येतील. धातूची पट्टी लावता येईल. दहा दिवसांनी घेतलं तर हाड नव्याने तोडावं लागेल. महिनाभर थांबलीस तर तेही जमेलच असं नाही. कळतंय का तुला? तो दांडा तुला कधीच फिरवता येणार नाही. सुई ओढता येणार नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर माझ्या बापाला वाईट वाटू नये म्हणून."

"तू शपथ घेतलीस," आई म्हणाली आणि उठली.

ती रात्र धाकटीने कशीबशी काढली. राग बाबांचा होता, पण आता आईचाही होता, आणि आईचा जास्त होता. थापा मारणाऱ्या माणसाला निदान थापा माराव्या लागतात. या बाईने त्या थापेखाली स्वतःचा हात टेकू म्हणून दिला होता. दोघं मिळून किती प्रेमाने खऱ्यावर पांघरूण घालत होते, आणि कौतुक करणारे अख्ख्या गावभर.

सकाळी फोटोवाचन असायचं. बाबांची एक गोष्ट धाकटीला मनापासून पटायची, ती ही. पेशंटसमोर मऊसूत बोलणारा हा माणूस शिकाऊ डॉक्टरांसमोर पार बदलून जायचा. आदल्या दिवशीचे फोटो पेटीवर लावायचे, नावावर चिकटपट्टी लावून, म्हणजे माणूस ओळखीचा आहे म्हणून कुणी हाडाला सवलत देऊ नये. आणि वाचणाऱ्याने दिसेल ते सगळं सांगायचं. नुसतं इंग्रजी नाव फेकून सुटका नाही. स्पायरल म्हणालात तर बाबा विचारणार, पीळ कुठून कुठवर? पाय अडकला होता की अंग फिरलं होतं? आडवं तुटलंय की तिरकं? त्वचा फाटून बाहेर आलंय का? लहान मुलाचं हाड ओल्या काडीसारखं एका बाजूने वाकलंय की दोन्ही बाजूंनी तुटलंय? एक शब्द ढिला पडला की ते टेबलावर पेन आपटायचे. "शब्द चुकला की हात चुकतो," हे त्यांचं पालुपद होतं. हे बजावून पुढच्याच तासाला ते कुणाला तरी जराशी चीर आहे म्हणून सांगायचे, ते सोडा.

धाकटीने आईच्या नावावर चिकटपट्टी लावली आणि फोटो बाकीच्यांत मिसळला. शपथ मोडताना तिचा हात जराही थरथरला नाही.

आधी एक खांदा झाला, मग एका मुलाचं कोपर. मग तो फोटो लागला.

दोन शिकाऊ डॉक्टर होते. त्यांतली मुलगी पुढे झाली आणि मनगटाच्या त्या मोडीचं इंग्रजी नाव म्हणाली.

"नाव ठेवायला बारशाला बोलावलेलं नाही," बाबा म्हणाले. "दिसतं काय?"

मुलगी गडबडली, पण सांगू लागली. टोक मागे कललंय. तुकडे तीन, नाही, चार आहेत. एकमेकांत घुसलेत. लांबी कमी झालीय. सांध्यात पायरी आहे.

"प्लास्टर दिसतंय ना," चष्मेवाला मुलगा म्हणाला. "म्हणजे सर, हे बसवल्यानंतरचं आहे?" आणि तो हसला. "कुणी बसवलंय हे? रस्त्यावरून कुणाला पकडून आणलं होतं की काय?"

धाकटीने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. याच क्षणासाठी तर तिने हे केलं होतं. तिला वाटलं होतं, ते आधी चिडतील, त्या अनोळखी माणसाला चार शेलक्या शिव्या हासडतील, आणि मग ती पुढे होऊन चिकटपट्टी काढेल. तिला तो क्षण हवा होता. किती हवा होता ते तिला आत्ता कळत होतं.

बाबा चिडले नाहीत. ते पेटीजवळ गेले. चष्मा कपाळावर ढकलला नाही, उलट नीट नाकावर बसवला.

"हसू नका," ते म्हणाले. "आणि अर्धवट वाचू नका. त्या टवक्याकडे तुमचं लक्ष गेलं नाही. बारीक हाडाचं टोक ओढून निघालंय, म्हणजे बंध ताणला गेलाय, म्हणजे हात फिरवताना सांधा डुगडुगणार. पायरी किती आहे ते सांगितलं नाहीत. ही पायरी तशीच राहिली तर सांधा काही वर्षांत झिजेल. पकड निम्मी होईल. तळहात आकाशाकडे वळणार नाही. कडेला धूसर दिसतंय, तिथे नवं हाड धरायला सुरुवात झालीय. तेव्हा थांबायला वेळ नाही." त्यांनी त्या कललेल्या टोकावर बोट टेकवलं. "हे बसलेलं नाही. आणि बसवणाऱ्याला हे माहीत होतं."

"कसं काय सर?" मुलीने विचारलं.

"हाताखाली कळतं. हाड जागेवर आलं की थांबतं, पुढे ढकलू देत नाही. हे थांबलं नाही. त्याला त्याच क्षणी कळलं असणार. न कळायला तो काही रस्त्यावरून पकडून आणलेला नव्हता."

चष्मेवाला मुलगा खाली बघू लागला. बाबांनी नख लावून चिकटपट्टी काढायचा प्रयत्न केला. बोटं थरथरत होती, कोपरा सुटेना. धाकटी मदतीला पुढे झाली नाही. शेवटी पट्टी निघाली.

"मी बसवलंय," बाबा म्हणाले. "पुढचा फोटो लावा."

चष्मेवाल्याने घाईघाईने पुढचा फोटो लावला. धाकटीला आपल्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट तिचा राग आणखीच भडकला. त्याला माहीत होतं. आईने ज्या माणसाच्या अज्ञानासाठी हात द्यायचा ठरवला, त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. रोज तिच्या समोर जेवायला बसून, तिने डाव्या हाताने भरलेला अर्धा कप घेऊन, तिच्या सुजलेल्या बोटांकडे बघत तो रोज चीर म्हणत होता.

तिने त्यांना जिन्यात गाठलं. "घरी चला. आत्ता."

"ओपीडी आहे."

"राहू दे ओपीडी. सगळ्यांची चीरच आहे ना, भरेल आपोआप."

बाबा तिच्या मागून आले.

आई कार्यशाळेत होती. बापलेक अशा वेळी एकत्र आलेले पाहून तिने आधी धाकटीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरून तिला कळलं.

"शपथ घेतली होतीस," ती म्हणाली.

"मोडली."

आई बाबांकडे वळली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, तुम्ही काही मनावर घेऊ नका. माझंच हाड ठिसूळ. या वयात कुणी बसवलं असतं तरी—"

"आई, त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

धाकटीने बाबांकडे पाहिलं. हे तिने सांगायचं नव्हतं. बाबा टेबलाची कड धरून उभे होते. ते सरसाच्या डब्याकडे बघत होते.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "बसलं नव्हतं ते."

आईला अर्थ लागायला जरा वेळ लागला. मग तो लागला, आणि धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा आईचा चेहरा तसा पाहिला. तो रडवेला नव्हता. कान लाल झाले होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला वाटलं, तुम्हाला कळलं नाही. म्हणून मी तोंड शिवून बसले. रात्र रात्र हात ठणकायचा, आणि मी कूस बदलत नव्हते, तुमची झोप मोडेल म्हणून. तुम्हाला कळलंय असं मला कळलं असतं ना, तर त्याच रात्री हिला फोन करून बोलावलं असतं. तुमची काय पत्रास ठेवायची होती मग?"

"मला वाटलं, आपोआप जरा—"

"सांगा आता," आई म्हणाली. "काय काय मोडलंय ते सांगा. मला सांगा."

"अगं, आता धाकटी करेल ना सगळं. तसं बघायला गेलं तर जराशी—"

आईने डावा हात टेबलावर असा आपटला की रिळं घरंगळत खाली गेली. "पोरांना शिकवता ना, तसं सांगा."

आणि बाबांनी सांगितलं. जमिनीकडे बघत, हळू, पण सगळं सांगितलं. हाड चार ठिकाणी फुटलंय. मागे कललंय. आखूड झालंय. सांधा तुटलाय. बारीक हाडाचा टवका निघालाय. माझ्या हातात जोर नव्हता. मला लाज वाटली. सुट्टीचं कारण होतं, पण दुसऱ्या दिवशी फोटोवाला होता. मी तुला फोटो काढू दिला नाही, कारण मला बघायचा नव्हता. एकेका वाक्यावर आई मान हलवत होती. पोस्टमन पत्ता वाचून दाखवतो आणि घरची बाई हो म्हणते, तशी. बाबांचे डोळे भरून आले होते. धाकटीला दया यायला हवी होती, आली नाही.

"किती दिवस उरलेत?" आईने धाकटीला विचारलं. बाबांकडे ती बघत नव्हती.

"उद्या सकाळी घेते तुला. आज काही खाऊ नकोस रात्री."

"हात पहिल्यासारखा होईल?"

होईल गं, असं म्हणणं किती सोपं होतं. शब्द अगदी जिभेवर आले होते, गोड, तयार, आणि ते नेमके कुठून आले हे धाकटीला त्याच क्षणी समजलं. आईचा चेहरा थकलेला होता, आणि तिला फक्त एक हो ऐकायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्यासारखा नाही होणार. सुई ओढता येईल. तो दांडा येईल फिरवता, पण दोन्ही हातांनी, आणि पावसाळी हवेत दुखेल. त्याच दिवशी केलं असतं तर कदाचित झाला असता."

आईने डोळे मिटले. उघडले. "बरं," ती म्हणाली. मग खाली वाकून डाव्या हाताने एकेक रीळ उचलायला लागली. बाबा मदतीला वाकले तेव्हा तिने त्यांच्या हातातलं रीळ काढून घेतलं.

"उद्या तुम्ही आत यायचं नाही," ती त्यांना म्हणाली. "बाहेर बाकावर बसायचं. सगळ्यांचे नवरे बसतात ना, तिथे. ही बाहेर येऊन सांगेल काय झालं ते."

"मी तिथेच असेन," बाबा म्हणाले.

"आणि ती सांगेल तेवढं ऐकायचं," आई म्हणाली. "सगळं. मध्ये बोलायचं नाही."